फळमाश्यांमध्ये ऋतूंचा हिशेब शोधणारे डोबझान्स्की

पिकलेली केळी एक-दोन दिवस उघडी राहिली की त्यांच्याभोवती चिलटांसारख्या बारीक माश्या घोंघावू लागतात. त्या कुठून येतात याचा विचार न करता आपण त्यांना हाताने हाकलतो. या माश्यांचे एक रानटी भावंड अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगरांत राहते. ड्रोसोफिला स्यूडोऑब्स्क्युरा हे तिचे शास्त्रीय नाव. विसाव्या शतकात एका माणसाने आयुष्याची जवळजवळ चाळीस वर्षे या माशीच्या मागे घालवली. आंबवलेल्या केळ्याच्या लगद्याचे आमिष लावायचे, संध्याकाळी आणि पहाटे माश्या पकडायच्या, त्या प्रयोगशाळेत न्यायच्या आणि त्यांच्या पिल्लांची गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची, हा त्यांचा परिपाठ. त्या मोजणीतून उत्क्रांतीविषयीची एक जुनी समजूत मोडली. उत्क्रांती लाखो वर्षांनी कळते असे मानले जात होते. ती एका उन्हाळ्यातही मोजता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

थिओडोसियस डोबझान्स्की हे त्यांचे नाव. कीटकांच्या मेंदूतील आरएनएच्या संपादनावर आज जे संशोधन चालू आहे, त्यातला मुख्य प्रश्न हाच, की निसर्गात दिसणारे फरक उपयोगाचे असतात की निव्वळ योगायोग. हा प्रश्न डोबझान्स्कींनी आयुष्यभर विचारला आणि त्याचे उत्तर एकदा स्वतःच बदलले.

भुंगेरे गोळा करणारा मुलगा

डोबझान्स्कींचा जन्म 25 जानेवारी 1900 रोजी युक्रेनमधील नेमिरोव्ह या छोट्या गावात झाला. त्या वेळी हा भाग रशियन साम्राज्यात होता. वडील गणिताचे शिक्षक होते. लग्नानंतर बरीच वर्षे मूल नव्हते, म्हणून आईवडिलांनी चेर्निगोव्हच्या संत थिओडोसियस यांना नवस केला होता आणि मुलगा झाल्यावर त्यांचेच नाव त्याला ठेवले. 1910 मध्ये कुटुंब कीव्हला आले.

मुलाला किडे जमवण्याचा नाद होता. शाळकरी वयातच त्याने डार्विनचा ओरिजिन ऑफ स्पीशीज हा ग्रंथ वाचला आणि जीवशास्त्रज्ञ व्हायचे ठरवले. त्याचा विशेष ओढा लेडीबर्ड भुंगेऱ्यांकडे होता. मावा खाणारे हे ठिपक्यांचे भुंगेरे आपल्याकडच्या शेतकऱ्यांनाही ओळखीचे आहेत. 1918 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, भुंगेऱ्याच्या एका नव्या जातीवरचा त्याचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

तो काळ मोठा कठीण होता. क्रांती झाली, पाठोपाठ यादवी युद्ध आले. कीव्ह शहर या सैन्याकडून त्या सैन्याकडे जात राहिले. अन्नाची टंचाई होती. वडील वारले आणि 1920 मध्ये आईही गेली. अशा दिवसांत त्यांनी विद्यापीठाचे शिक्षण पूर्ण केले आणि शिकवायलाही सुरुवात केली. 1924 मध्ये त्यांनी नतालिया सिव्हर्त्सेवा यांच्याशी लग्न केले. त्या स्वतः जीवशास्त्राच्या संशोधक होत्या. पुढे पंचेचाळीस वर्षे त्यांनी पतीबरोबर प्रयोगशाळेत आणि रानावनांत काम केले. त्याच वर्षी हे जोडपे लेनिनग्राडला, युरी फिलिपचेन्को यांच्या जनुकशास्त्र विभागात आले.

लेडीबर्ड भुंगेऱ्यांनी त्यांच्या मनात एक प्रश्न रुजवला होता. हार्मोनिया ॲक्सिरिडिस या एकाच जातीच्या भुंगेऱ्यांच्या पाठीवर वेगवेगळे नक्षीकाम दिसते. कुठे पिवळ्यावर काळे ठिपके, कुठे काळ्यावर लाल. सायबेरियाच्या एका भागात एक नक्षी जास्त आणि दुसऱ्या भागात दुसरी. जात एकच असेल, तर हा फरक कशासाठी? आणि तो प्रदेशानुसार का बदलतो?

माश्यांची खोली

त्या काळी जनुकशास्त्राची पंढरी न्यूयॉर्कमध्ये होती. कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन आणि त्यांचे विद्यार्थी दुधाच्या बाटल्यांमध्ये फळमाश्या वाढवत. जनुके गुणसूत्रांवर ओळीने बसलेली असतात, हे त्यांनीच सिद्ध केले होते. रॉकफेलर निधीतून शिष्यवृत्ती मिळाली आणि 27 डिसेंबर 1927 रोजी डोबझान्स्की पती-पत्नी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरले. मनात विज्ञानाच्या मंदिराचे चित्र होते. प्रत्यक्षात समोर आली ती एक अरुंद, गबाळी, बाटल्यांनी भरलेली खोली. त्यांची निराशा झाली, पण फार काळ टिकली नाही. त्या खोलीत जे काम चालले होते, तसे जगात इतरत्र कुठेही चाललेले नव्हते.

1928 मध्ये मॉर्गन आपला चमू घेऊन कॅलिफोर्नियातील पासाडिना येथे, कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये गेले. डोबझान्स्कीही त्यांच्याबरोबर गेले आणि पुढच्या वर्षी तिथेच प्राध्यापकवर्गात सामील झाले. मायदेशातून निकोलाय वाव्हिलोव्ह त्यांना परत बोलावत होते. ते सोव्हिएत संघातील सर्वांत मोठे जनुकशास्त्रज्ञ. डोबझान्स्कींनी पुष्कळ विचार करून जाणे टाळले. हा निर्णय किती मोठा होता, हे पुढच्या दशकात कळले. ट्रोफिम लिसेन्को या कृषितज्ज्ञाने स्टालिनच्या आशीर्वादाने जनुकशास्त्रालाच खोटे ठरवले. वाव्हिलोव्ह यांना 1940 मध्ये अटक झाली आणि 1943 मध्ये साराटोव्हच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. आयुष्यभर पिकांची बियाणी जमवून देशाला दुष्काळातून वाचवू पाहणारा हा माणूस उपासमारीने खंगून गेला. डोबझान्स्की परत गेले असते, तर त्यांचे काय झाले असते याची कल्पना करणे अवघड नाही. ते 1937 मध्ये अमेरिकेचे नागरिक झाले. मायदेश त्यांना पुन्हा कधीच दिसला नाही.

दोन शास्त्रांमधला पूल

मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेतील माश्या पिढ्यान्‌पिढ्या बाटलीत वाढलेल्या होत्या. डोबझान्स्की मात्र मूळचे रानात हिंडणारे कीटकशास्त्रज्ञ. बाटलीतल्या माशीचे जनुकशास्त्र रानातल्या माशीला लावून पाहावे, असे त्यांना वाटू लागले. तेव्हा या दोन जगांत संवाद नव्हता. निसर्गात हिंडणारे अभ्यासक जनुकांकडे संशयाने पाहत. जनुकशास्त्रज्ञांना पक्षी, फुलपाखरे आणि त्यांच्या जाती यांत रस नव्हता. रोनाल्ड फिशर, जे. बी. एस. हॉल्डेन आणि सीवॉल राइट यांनी नैसर्गिक निवडीचे गणित मांडले होते, पण ते वाचणारे जीवशास्त्रज्ञ थोडे होते.

1936 मध्ये कोलंबिया विद्यापीठात डोबझान्स्कींनी व्याख्याने दिली आणि पुढच्या वर्षी ती जेनेटिक्स अँड द ओरिजिन ऑफ स्पीशीज या ग्रंथाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. उत्क्रांती म्हणजे एखाद्या समूहातील जनुकांचे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या बदलत जाणे, ही मांडणी त्यांनी सोप्या भाषेत केली. दोन समूहांत संकर होईनासा झाला की नव्या जाती अस्तित्वात येतात, हेही त्यांनी तपशिलाने दाखवले. त्यात कीटकांची उदाहरणे भरपूर होती. कॅलिफोर्नियातील संत्र्या-लिंबांच्या बागांमध्ये झाडांवर तंबू टाकून हायड्रोसायनिक वायूची धुरी देत आणि खवले कीड मारत. काही वर्षांत त्या धुरीने न मरणारी कीड निपजली. माणसाच्या डोळ्यांदेखत निवड घडत होती. आज डासांना आणि बोंडअळीला औषधे पुरेशी का पडत नाहीत, हे समजावताना हेच तत्त्व सांगितले जाते. या ग्रंथाने जीवशास्त्राच्या दोन तुटलेल्या फांद्या जोडल्या. आधुनिक उत्क्रांतीशास्त्राची पायाभरणी करणाऱ्या मोजक्या पुस्तकांत तो आजही गणला जातो.

मत बदलले ते मोजणीमुळे

याच ग्रंथात डोबझान्स्कींचे एक मत असे होते, की त्यांना पुढे ते मागे घ्यावे लागले. ते मत समजण्यासाठी माशीच्या गुणसूत्रांकडे पाहावे लागेल.

फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथीतील गुणसूत्रे अवाढव्य असतात आणि त्यांच्यावर आडवे पट्टे स्पष्ट दिसतात. रेल्वेगाडीच्या डब्यांसारखा पट्ट्यांचा क्रम ठरलेला असतो. कधी कधी मधले काही डबे निघून उलट क्रमाने जोडले जातात. याला गुणसूत्राची उलटापालट म्हणतात. स्यूडोऑब्स्क्युरा माशीच्या तिसऱ्या गुणसूत्रावर अशा अनेक उलटापालटी आढळल्या. मॉर्गन यांचे शिष्य आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांच्यासह डोबझान्स्कींनी त्यांची वंशावळ मांडली. जिथे त्या पहिल्यांदा सापडल्या त्या जागांवरून किंवा त्यांच्या आकारावरून त्यांना स्टँडर्ड, ॲरोहेड, चिरिकाहुआ अशी नावे दिली गेली. पुढे या दोघांची मैत्री दुरावली, पण ती पद्धत टिकली.

रानातून पकडलेल्या माश्यांमध्ये या गुणसूत्रांचे प्रमाण ठिकाणागणिक वेगळे निघे. 1937 मध्ये डोबझान्स्कींचे मत असे होते, की या उलटापालटींचा माशीला फायदाही नाही आणि तोटाही नाही. पत्ते पिसताना कुणाला कोणते पान येईल याला जसे कारण नसते, तसेच हे. लहान समूहात निव्वळ योगायोगाने एखादे प्रमाण वाढते आणि दुसरे घटते. सीवॉल राइट यांच्या गणिताला हे साजेसे होते आणि अनेकांना पटलेही.

त्यानंतर 1939 पासून त्यांनी दक्षिण कॅलिफोर्नियातील सॅन हसिंटो पर्वतावर वेगवेगळ्या उंचीच्या जागांवरून दर महिन्याला माश्या पकडायला सुरुवात केली. पिन्यन फ्लॅट्स हे त्यातले एक ठिकाण. मोजणीतून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. मार्चमध्ये स्टँडर्ड गुणसूत्राचे प्रमाण सुमारे निम्मे असे. जूनपर्यंत ते घसरून तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली येई आणि उन्हाळा सरताना पुन्हा चढू लागे. चिरिकाहुआचे प्रमाण नेमके उलट दिशेने हलत असे. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. योगायोग दरवर्षी त्याच महिन्यात त्याच दिशेने जात नाही. माशीची एक पिढी काही आठवड्यांची असते, त्यामुळे एका वर्षात कित्येक पिढ्या होतात. ऋतू बदलला की त्या पिढ्यांमध्ये वेगळ्या गुणसूत्राच्या माश्या जास्त तगत होत्या. म्हणजे जे फरक बिनकामाचे समजले गेले होते, त्यांच्यावर निसर्गाची निवड चालू होती, तीही अतिशय जोरात.

छापलेल्या ग्रंथातील मत चुकले, हे डोबझान्स्कींनी लपवले नाही. 1943 मधील शोधनिबंधात त्यांनी आकडे मांडले आणि पुढच्या काळात उलट बाजूने युक्तिवाद केला. स्वतःच्या मताशी असे भांडणे सोपे नसते, विशेषतः त्या मतावर नाव झालेले असताना.

पेटीतली माशी आणि माणसातले रक्त

रानातील निरीक्षणाला प्रयोगाची जोड हवी होती. फ्रेंच शास्त्रज्ञ लेरिटिए आणि तेसिए यांनी माश्यांची वस्ती ठेवण्याच्या पेट्या तयार केल्या होत्या. डोबझान्स्कींनी त्या पेट्या स्वीकारल्या. ठराविक दिवसांनी अन्नाचे नवे प्याले आत जात आणि जुने बाहेर काढले जात. आत हजारो माश्या दाटीवाटीने जगत आणि प्रजनन करत. एका पेटीत स्टँडर्ड गुणसूत्र दहा टक्क्यांच्या आसपास आणि उरलेले चिरिकाहुआ ठेवले. 25 अंश सेल्सियस तापमानात स्टँडर्डचे प्रमाण चढत चढत सुमारे सत्तर टक्क्यांवर पोहोचले आणि तिथेच थांबले. ते शंभर टक्के झाले नाही. मिश्र माशी, म्हणजे दोन्ही प्रकारांचे एकेक गुणसूत्र असलेली माशी, सर्वांत सक्षम ठरत असल्याने दोन्ही गुणसूत्रे समूहात टिकून राहत होती. हाच प्रयोग 16 अंशांवर केला, तेव्हा प्रमाणात बदलच झाला नाही. तापमान बदलले की निवडीचे गणित बदलते, हे त्यातून स्पष्ट झाले. सीवॉल राइट यांच्यासह त्यांनी 1946 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

मिश्र जोडीचा फायदा ही कल्पना केवळ माश्यांपुरती राहिली नाही. सिकलसेल आजाराचे उदाहरण सर्वांत ठळक. सिकलसेलचे जनुक आई आणि वडील दोघांकडूनही आले, तर मुलाला गंभीर आजार होतो. ते एकाकडूनच आले, तर त्या वाहक व्यक्तीला गंभीर मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. म्हणून मलेरियाच्या प्रदेशांत हे जनुक टिकून राहिले. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत आज सिकलसेलची तपासणी मोहीम चालते, त्यामागची उत्क्रांती हीच आहे. वाहक असणे हा कुणाच्या वंशाचा दोष नाही, ती मलेरियाने मागे ठेवलेली खूण आहे.

कोणीही आदर्श नाही

1940 मध्ये डोबझान्स्की कोलंबिया विद्यापीठात परतले होते. 1943 पासून ते ब्राझीललाही जाऊ लागले. उष्ण कटिबंधातील माश्यांवर काम करताना त्यांनी तिथल्या तरुण संशोधकांची एक पिढी घडवली. घोड्यावर बसून रान धुंडाळणे त्यांना मनापासून आवडे.

त्या काळात अमेरिकी जनुकशास्त्रात मोठा वाद पेटला. क्ष-किरणांनी उत्परिवर्तने होतात हे दाखवून नोबेल पारितोषिक मिळवणारे हर्मन म्युलर मानत, की प्रत्येक जनुकाची एक उत्तम आवृत्ती असते आणि बाकीचे फरक बहुधा अपायकारक असतात. डोबझान्स्कींचे म्हणणे वेगळे होते. बदलत्या परिस्थितीत एकच आवृत्ती कायम उत्तम राहू शकत नाही. समूहातील विविधता ही त्याची ताकद असते. या वादाला माणसाच्या समाजाचीही किनार होती. युरोपात वंशशुद्धीच्या नावाखाली लाखो माणसे मारली गेली होती. 1946 मध्ये लेस्ली डन यांच्याबरोबर त्यांनी हेरिडिटी, रेस अँड सोसायटी हे सामान्य वाचकांसाठीचे छोटे पुस्तक लिहिले. शुद्ध वंश अशी गोष्ट जनुकशास्त्रात सापडत नाही आणि माणसांमधील फरक हे उच्चनीचतेचे प्रमाणपत्र नसते, हा त्याचा गाभा होता. त्याच वर्षी त्यांनी लिसेन्कोच्या एका पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. ते त्याचा प्रचार करण्यासाठी नव्हते. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी तो मजकूर स्वतः वाचावा आणि त्यातला पोकळपणा ओळखावा, एवढाच हेतू होता. दोन वर्षांनी, 1948 मध्ये, सोव्हिएत संघात जनुकशास्त्रावर अधिकृत बंदी आली.

पुढच्या संशोधनाने त्यांची सर्वच मते उचलून धरली असे मात्र नाही. त्यांचे शिष्य रिचर्ड ल्युऑन्टिन आणि जॉन हबी यांनी 1966 मध्ये याच स्यूडोऑब्स्क्युरा माशीतील प्रथिने तपासली. जवळपास एक-तृतीयांश जनुकांच्या एकाहून अधिक आवृत्त्या आढळल्या. एवढी विविधता सगळी निवडीने टिकवलेली असणे गणितात बसेना. दोन वर्षांनी जपानचे मोटू किमुरा यांनी मांडले, की रेणूंच्या पातळीवरील बहुतेक बदल नैसर्गिक निवडीच्या दृष्टीने तटस्थ असतात. डोबझान्स्कींनी 1937 मध्ये धरलेले आणि 1943 मध्ये सोडलेले मत, वेगळ्या रूपात आणि भक्कम गणितासह पुन्हा उभे राहिले होते.

शेवटची वर्षे

1962 मध्ये डोबझान्स्की रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये गेले. 1968 च्या जून महिन्यात त्यांना रक्ताचा कर्करोग, लिंफॅटिक ल्युकेमिया असल्याचे निदान झाले. हा आजार संथ गतीने वाढणारा असला, तरी डॉक्टरांनी काही महिने ते काही वर्षे एवढीच मुदत सांगितली होती. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत नतालिया हृदयविकाराने अचानक गेल्या. यानंतर ते खचून जातील असे अनेकांना वाटले. त्यांनी काम सोडले नाही. 1971 मध्ये ते कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे, शिष्य फ्रान्सिस्को आयाला यांच्याजवळ राहायला गेले आणि तिथल्या प्रयोगशाळेत पुन्हा माश्या मोजू लागले.

ते ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती श्रद्धेचे होते. श्रद्धा आणि उत्क्रांती यांत त्यांना विरोध दिसत नव्हता. अमेरिकेतील शाळांत उत्क्रांती शिकवू नये, अशी मागणी होत असताना त्यांनी 1973 मध्ये जीवशास्त्राच्या शिक्षकांसाठी एक लेख लिहिला. जीवशास्त्रातील कोणत्याही गोष्टीला अर्थ येतो तो उत्क्रांतीच्या उजेडातच, हे त्याचे सूत्र होते आणि आज ते जगभरच्या वर्गांत शिकवले जाते. 18 डिसेंबर 1975 रोजी हृदय बंद पडून त्यांचे निधन झाले. आदल्या दिवसापर्यंत ते काम करत होते.

दप्तर आणि नक्कल

त्यांच्या मृत्यूनंतर दहा-बारा वर्षांनी पेशींमधील एक नवी यंत्रणा उघडकीस आली. ती समजायला तहसील कार्यालयाचे उदाहरण सोपे पडेल. मूळ दप्तर कपाटात राहते आणि अर्जदाराला त्याची नक्कल मिळते. डीएनए हे मूळ दप्तर आणि आरएनए ही नक्कल. नक्कल वाचून पेशी प्रथिने बनवते. एखाद्या कारकुनाने दप्तराला हात न लावता केवळ नकलेतले एक अक्षर बदलले, तर काम वेगळे होईल, पण दप्तर तसेच राहील. पेशींमध्ये असा कारकून खरोखर असतो. एडार हे त्या एन्झाइमचे नाव. ते आरएनएमधील ॲडिनोसिन या अक्षराचे रूपांतर इनोसिनमध्ये करते. पेशीची यंत्रणा इनोसिनला ग्वानोसिन समजून वाचते आणि काही ठिकाणी प्रथिनाचा एक घटक बदलतो.

फळमाशीत हे संपादन मुख्यतः मेंदूत आणि मज्जापेशींमध्ये चालते. चेतापेशींतून विद्युत संदेश नेणाऱ्या सोडियम वाहिनीसारख्या प्रथिनांच्या नकलांत ते दिसते. डास पळवण्याच्या लिक्विडमधील पायरेथ्रॉइड रसायने कीटकांच्या याच सोडियम वाहिनीवर मारा करतात. 2000 मध्ये एडारविना माश्या तयार करण्यात आल्या. त्या जगल्या, पण त्यांच्या हालचालींत ताळमेळ नव्हता, तापमान वाढले की त्या लुळ्या पडत आणि वय वाढेल तसा मेंदू झिजत जाई. माणसातही ही यंत्रणा महत्त्वाची आहे. एडार जनुकातील दोषांमुळे एकार्डी-गुटिएर्स हा लहान मुलांच्या मेंदूचा दुर्मीळ आजार होतो.

आता प्रश्न येतो तो डोबझान्स्कींचा. कीटकांमध्ये संपादनाच्या हजारो जागा सापडल्या आहेत. त्या उपयोगाच्या म्हणून टिकल्या, की एडारने चुकून हात लावलेल्या, अपाय न करणाऱ्या जागा आहेत? उत्तर शोधण्याची एक रीत अशी, की प्रथिन बदलणारे संपादन आणि न बदलणारे संपादन यांची तुलना करायची. सगळे योगायोगाने होत असेल, तर दोहोंचे प्रमाण अपेक्षित गणितात बसले पाहिजे. फळमाश्यांच्या मेंदूत प्रथिन बदलणाऱ्या जागा योगायोगाच्या अपेक्षेपेक्षा जास्त निघाल्या. त्यांतल्या काही तर लाखो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या माशीच्या जातींमध्येही जशाच्या तशा टिकून आहेत. ज्या जातींची तुलना झाली, त्यात डोबझान्स्कींची स्यूडोऑब्स्क्युराही आहे. माणसात चित्र वेगळे आहे. तिथे बहुतांश संपादन प्रथिन न बनवणाऱ्या भागांत होते आणि प्रथिन बदलणाऱ्या पुष्कळ जागांना उपयोग नसावा, असे काही संशोधकांचे मत आहे. म्हणजे वाद अजून मिटलेला नाही आणि प्रत्येक जीवासाठी उत्तर वेगळे असू शकते.

संपादनाचा फायदा काय असेल, याचे एक स्पष्टीकरण डोबझान्स्कींच्या पेट्यांची आठवण करून देते. डीएनएमध्ये बदल झाला, तर त्या जनुकाच्या साऱ्या नकला बदलतात. संपादनात काही नकला जुन्या राहतात आणि काही नव्या होतात. एकाच माशीत प्रथिनाच्या दोन आवृत्त्या नांदतात. मिश्र जोडीच्या माशीला गुणसूत्रांमुळे जे मिळत होते, ते इथे एका जनुकातून मिळते. शिवाय हे प्रमाण बदलते. अळीपेक्षा प्रौढ माशीत संपादन जास्त असते. तापमान वाढले की अनेक जागांवरील संपादन कमी होते, कारण उष्णतेने आरएनएची घडी सैल पडते आणि एडारला ती पकडता येत नाही. माशीसारख्या थंड रक्ताच्या जीवाला याचा ऋतूंशी जुळवून घेण्यात कितपत उपयोग होतो, हे आता तपासले जात आहे.

त्या तपासणीत नवी यंत्रे आहेत, लाखो आरएनए एका वेळी वाचले जातात. पद्धत मात्र सॅन हसिंटोच्या उतारावरचीच आहे. फरक दिसला की तो उपयोगाचा आहे असे आधीच मानायचे नाही आणि बिनकामाचा आहे असेही ठरवायचे नाही. ऋतूमागून ऋतू मोजत राहायचे आणि मोजणीने विरुद्ध बाजू दाखवली, तर आपले छापलेले मतही मागे घ्यायचे.